भुरीच्या डाव्या अंगाला

वहिनींचा हात मोडला तो विहिरीवर, आणि दोष द्यायचाच तर उन्हाला द्यावा लागेल. पाणी इतकं तळाशी गेलं होतं की सोडलेली बादली टेकली की नाही हे कान देऊन ऐकावं लागे. त्या दिवशी वहिनी अशाच कान देऊन वाकल्या होत्या. दोराला हिसका बसला, पाय सरकला आणि मनगटातून कट्कन आवाज आला. तो आवाज गोठ्यातल्या भुरीनेसुद्धा ऐकला आणि ती रवंथ करायची थांबली, असं वहिनी पुढे येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगत. हात प्लास्टरमध्ये, चेहरा दुखण्याने उतरलेला, पण गोष्ट रंगवून सांगायची हौस काही मोडली नव्हती.

पंचाईत झाली ती भुरीची. त्या साली शेतात काही उगवलंच नव्हतं. जमीन भेगाळून पडली होती आणि घरात जे काही येत होतं ते या एका गाईच्या चार सडांतून. सकाळ-संध्याकाळ तिचं दूध दादा नाक्यावर डेअरीवाल्याला घालत आणि त्यावर घराची चूल पेटे. धार काढायच्या वहिनी. आता कोण काढणार? दादांनी एकदा बसून पाहिलं. सड असे खेचले की जणू विहिरीतून बादलीच ओढताहेत. भुरीने एकच लाथ घातली, अगदी नेम धरून, आणि घरधनी शेणात बसला. दादांची आई, म्हणजे मोठ्या आई, यांची बोटं सांधेदुखीने झाडाच्या मुळ्यांसारखी वळलेली. त्यांना घास मोडायचीसुद्धा मारामार.

"बाई लावावी लागेल," दादा शेण झटकत म्हणाले. "धारेला, आणि घरकामालाही."

"लावा!" मोठ्या आई खाटेवरून कडाडल्या. "एकीने साखर नेली. दुसरीने साबण नेला. तिसरीने तर डब्याचं झाकण नेलं. नुसतं झाकण! डबा इथेच!"

"आई, ते झाकण कपाटामागे सापडलं," वहिनी म्हणाल्या.

"सापडलं! तिने लपवलं म्हणूनच सापडलं ना?"



अशी डावरी त्या घरात आली. उंच, काटकुळी, डाव्या हाताने सगळं करणारी, म्हणून गावाने तिला डावरी म्हटलं आणि मूळ नाव काय होतं ते तिचं तीसुद्धा विसरत चालली होती. कामाला नाही म्हणाली नाही, पगाराबद्दल घासाघीस केली नाही. तिची मागणी एकच होती.

"रोज एक कडीचा डबा दूध द्या, वहिनी. नातवासाठी."

तिची लेक बाळंतपणाला आली होती. तापाने अंथरुणाला खिळली आणि अंगावरचं दूध आटलं. जावई कामाच्या शोधात लांब गेला होता, त्याचा काही निरोप नव्हता. पोर तळहाताएवढं, आणि रडणं मात्र अख्ख्या गल्लीला पुरेल असं.

"डबा ना, देते की," वहिनी म्हणाल्या. "सकाळच्या दुधातून रोज मी माझ्या हाताने भरून देईन. चालेल?"

चालेल? डावरीचा जीव भांड्यात पडला.

आता धारेचं ऐका. सगळं जग गाईच्या उजव्या अंगाला बसून धार काढतं. डावरी डाव्या अंगाला बसायची, कारण तिचा जोर डाव्या हातात. पण गोठ्यात भुरी बांधलेली असे ती डावी बाजू भिंतीकडे करून. म्हणजे डावरीला भिंत आणि गाय यांच्यातल्या चिंचोळ्या फटीत शिरून बसावं लागे. गुडघे पोटाशी, पाठ भिंतीला, कपाळ गाईच्या बरगडीला. दाराशी उभं राहणाऱ्याला दिसायचे ते फक्त तिचे पाय आणि चरवीचं बूड.

पहिल्या दिवशी भुरी बिचकली. जन्मात त्या बाजूने तिला कुणी हात लावला नव्हता. डावरीने घाई केली नाही. कास कोमट पाण्याने पुसली, घशातल्या घशात काहीतरी गुणगुणत राहिली, ना शब्द ना चाल, नुसता हुंकार. थोड्या वेळाने भुरीने लांब श्वास सोडला, कान खाली टाकले आणि पान्हा आला. चरवीत सर्र सर्र धार पडायला लागली. चरवीला आतून एक पोचा होता, दूध त्या पोच्याच्या वर चढलं तशी दारात उभ्या वहिनींनी धडधाकट हाताने मांडीवर चापट मारली. टाळी वाजवायला दुसरा हात नव्हता ना!

दिवस छान चालले होते. डावरी सकाळी यायची, धार, झाडलोट, भांडी, पीठ मळणं, मोठ्या आईंचे गुडघे चोळणं. दुपारी डबा घेऊन घरी, आणि ऊन कललं की संध्याकाळच्या धारेला परत. सगळ्यात तिला आवडायचं ते वहिनींचे केस विंचरणं. एका हाताने वेणी घालून दाखवा बरं कुणी! वहिनी उंबऱ्यावर बसत, डावरी मागे.

"मावशी, डाव्या हाताने घातलेली वेणी उलटी पडते का हो?"

"पडली तर तुम्ही उलट्या चाला. म्हणजे सरळ दिसेल."

वहिनी इतक्या हसत की प्लास्टरमधला हात दुखायला लागे. "मेले गं बाई! हसवू नका!" म्हणत आणि पुन्हा हसत. कुणी आपल्या बोलण्याला असं हसावं, हे डावरीच्या आयुष्यात फार दिवसांनी होत होतं. घरी जाताना ती तो विनोद लेकीला सांगायची, लेकही पडल्या पडल्या हसायची, आणि पोर डब्यातलं दूध पिऊन तृप्त झोपलेलं असायचं.

मग ऊन वाढलं. हिरवा चारा दिसेनासा झाला. होती ती नुसती काड्यांसारखी वैरण, भुरी ती तोंडात घेऊन तासन्‌तास चघळत बसे. दूध पोच्याच्या खाली उतरलं. फार नाही, दोन बोटं.

पण मोठ्या आईंचे गुडघे गेले असले तरी डोळे नव्हते गेले.

"दूध कमी झालं."

"वैरण बघा ना कशी आलीय, आई," वहिनी म्हणाल्या.

"वैरणीचं मला सांगू नकोस. ती बाई भिंतीकडून का बसते? उजेडात बसायला काय झालं? काय चाललंय आत, कुणाला दिसतं?"

"डावरी आहेत त्या."

"असेल डावरी. हात डावा आहे म्हणून चरवी लपवावी लागते?"

हे बोलणं स्वयंपाकघरात चाललं होतं आणि डावरी मागच्या अंगणात भांडी घासत होती. भिंत पातळ होती. तिचा घासणारा हात जरासा थांबला आणि पुन्हा चालू झाला, आधीपेक्षा जोरात, म्हणजे आपण ऐकलं नाही असं त्यांना वाटावं.

त्याच संध्याकाळी मोठ्या आईंची खाट उचलून गोठ्याच्या तोंडाशी आली. "इथे वारा लागतो," त्या म्हणाल्या. वारा! गोठ्यात! शेणाच्या आणि मुताच्या उबेत! पण खाट आली, वर मोठ्या आई आल्या, हातात काठी आली, आणि त्या वाकून वाकून गाईच्या पोटाखालून बघायला लागल्या.

भुरीने मान वळवली. काठी तिच्या ओळखीची होती. कान ताठ झाले, शेपटी फटाफट फिरायला लागली, मागचा पाय एकदा इकडे एकदा तिकडे. डावरी गुणगुणली, कास पुसली, पुन्हा पुसली. सड हाताला गच्च लागत होते, दूध आत होतं, पण पान्हा सुटेना. कशीबशी चरवी निम्मी झाली.

"बघितलंस?" मोठ्या आई वहिनींना म्हणाल्या. "डोळ्यांदेखत कमी!"

डावरीला कळलं होतं. गाय बुजली, इतकं साधं होतं ते. मोठ्या आई तिथून उठल्या असत्या तर पान्हा आला असता. पण हे सांगायचं कसं? 'तुम्ही बघू नका, मग दूध वाढेल' असं म्हणायचं? चोरसुद्धा हेच म्हणेल. तिने मनातल्या मनात ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं, मऊ करून पाहिलं, हसत म्हणून पाहिलं. कसंही म्हटलं तरी ते चोराचंच वाक्य होत होतं.

मग एक एक करून सगळं सुरू झालं. साबणाच्या वडीवर सुईने रेघ मारलेली दिसली. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला, जिथे वहिनींचा हात पोचत नव्हता आणि डावरीचा पोचत होता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एके दुपारी ती निघाली तर मोठ्या आई म्हणाल्या, "डावरे, ते अंगावरचं फडकं झटक बरं. झुरळ चढलं मघाशी तुझ्यावर." तिने फडकं काढलं, झटकलं, उलटं करून झटकलं. झुरळ नव्हतंच. "गेलं वाटतं," मोठ्या आई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा झुरळ चढलं. तिसऱ्या दिवसापासून डावरी आपण होऊन दारात उभी राहून फडकं झटकायला लागली.

"मनावर घेऊ नका हो, मावशी," वेणी घालून घेताना वहिनी म्हणाल्या. "त्यांची सवय आहे ती. मी लग्न होऊन आले तेव्हा माझीसुद्धा पेटी उचकत होत्या."

डावरीच्या मनात आलं, आता बोलावं. आता वहिनींना सांगावं, खाट तेवढी हलवा. तिने कंगवा खाली ठेवला. "वहिनी, भुरी आहे ना—"

"हो, तेच म्हणणार होते मी," वहिनी तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "उद्यापासून मीच येऊन उभी राहते धारेला. म्हणजे आईंच्या जिवाला शांतता. तुमच्याही. नाही का?"

डावरीने कंगवा उचलला. "या की," ती म्हणाली. वेणी त्या दिवशी फार घट्ट पडली.

आता गोठ्याच्या तोंडाशी दोन माणसं. एक खाटेवर, एक खांबाला टेकून, पांढरा प्लास्टरचा हात गळ्यात. वहिनी बोलत राहत, हसत राहत, पण त्यांचे डोळे चरवीच्या बुडावर असत. मोठ्या आईंच्या काठीचं डावरीला एवढं काही लागलं नव्हतं. वहिनींचे ते डोळे मात्र लागले. भुरी तर पार बावचळली. दूध आणखी उतरलं.

एकदा डावरीने ठरवलं, चला, उजव्या अंगाला बसून दाखवू. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, भर उजेडात. ती बसली. उजवा हात तिचा मुळातच मुका, सड नीट धरताच येईना. एक चिमटा बसला आणि भुरीने पाय झाडला. चरवी उडाली. होतं तेवढं दूध शेणात.

"मुद्दाम," मोठ्या आई म्हणाल्या. "मुद्दाम केलं. पुन्हा त्या बाजूला बसायला मिळावं म्हणून."

डावरीने चरवी उचलली, धुतली आणि पुन्हा भिंत आणि गाय यांच्यामध्ये जाऊन बसली.

त्या संध्याकाळी दादा डेअरीवाल्याकडून आले ते कपाळाला आठ्या घेऊन. "असंच चाललं तर बाईला सांगावं लागेल दुसरं घर बघ म्हणून," ते अंगणात म्हणाले. डावरी पायरीवर चपला शोधत होती.

दुसरं घर! दुधाच्या चोरीवरून काढलेल्या बाईला कुठलं दुसरं घर? गाव केवढं, आणि तोंडं किती! आपण कुणाच्या दारात उभ्या राहिलो की ती माणसं आधी खुंटीवरचा टॉवेल आत घेतील, हे तिला दिसायला लागलं. तिच्याकडे होतं काय? जमीन नव्हती, माणूस नव्हता. डावरीच्या हाताला डाग नाही, एवढं एक होतं.

आणि मग तिने ते केलं.

दुपारी वहिनींनी भरून दिलेला डबा घेऊन ती घराकडे निघाली, पण आत गेली नाही. घराच्या मागे, भिंतीच्या बुडाशी ओल्या वाळूत खळगा केला, डबा त्यात बसवला, वर ओलं पोतं टाकलं. तापवता आलं असतं तर दूध टिकलं असतं, पण तापवलेल्या दुधाचा वास लगेच कळतो. मग ती रिकाम्या हातांनी घरात शिरली.

"डबा?" लेकीने विचारलं.

"भुरी आटत चाललीय गं. वाटा बंद केलाय थोडे दिवस."

"असा कसा बंद? पोराला काय देऊ?"

"तांदळाचं पाणी दे. मी बघते काहीतरी."

पोराने तांदळाचं पाणी तोंडात घेतलं, चव पाहिली आणि भोकाड पसरलं. डावरी उठून मागे गेली, पोत्यावर पाणी शिंपडत बसली. भिंतीच्या अलीकडे दूध, पलीकडे पोर. ती कानात बोटं घालू शकत होती, पण हातात पाण्याचा तांब्या होता.

संध्याकाळी डबा फडक्याखाली दडवून तिने आणला. जाताना सगळे फडकं बघत, येताना कोण बघतो? भिंतीच्या फटीत बसून, भुरी जी काय चार धारा देत होती त्यांच्या आवाजात तिने डबा चरवीत उपडा केला. दूध पोच्याला टेकलं.

डावरीला वाटलं, सुटले.

"बघा!" मोठ्या आईंनी काठी जमिनीवर आपटली. "नजर ठेवली की कसं सरळ दूध येतं! आता कळलं का मी खाट का आणली?"

"सकाळी का कमी येतं मग?" दादांनी विचारलं.

"सकाळी माझ्या डोळ्यांवर झोप असते. तेव्हा साधते ती."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी वहिनी खांबाला न टेकता, चांगली दोन पावलं पुढे येऊन उभ्या राहायला लागल्या.

असे किती दिवस गेले कुणास ठाऊक. पोराच्या गालांवरची गोलाई गेली. रडणंही बारीक झालं, आता गल्लीत जात नव्हतं, शेजारच्या खोलीतही जेमतेम जायचं. डावरी रोज म्हणायची, दोन सरी पडू देत, हिरवं होऊ दे, भुरी सावरेल, मग सगळा डबा याचाच. रोज ओल्या वाळूत डबा पुरायची आणि रोज उकरायची.

एक दिवस वारा पडला आणि आभाळ तव्यासारखं तापलं. वाळू दुपारीच कोरडी झाली. संध्याकाळी डबा उघडताना तिला आंबूस वास आला का? आला असेल. पण समोर काठी होती, प्लास्टरचा हात होता. तिने ओतलं.

नाक्यावर डेअरीवाल्याने नेहमीप्रमाणे चमचाभर दूध भांड्यात घेतलं, ज्योतीवर धरलं, आणि सगळ्या रांगेला दिसेल असं वर उचललं. दूध फाटलं होतं. पांढऱ्या गुठळ्या वेगळ्या, पाणी वेगळं.

"दादा, विरजण लावूनच आणलंत का?" तो म्हणाला. "आणखी थोडं थांबला असतात तर लोणीही काढून दिलं असतंत!"

रांग खदखदून हसली. दादा भरली किटली घेऊन तशीच्या तशी घरी आले आणि उकिरड्यावर ओतली. त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती.

"पाणी घालते ती," मोठ्या आई म्हणाल्या. "घाण पाणी. आपण दूध काढायचं, वर पाणी भरायचं. सगळं लक्षात आलं माझ्या."

डावरीला सकाळी कुणी काही म्हणालं नाही. तेच जास्त भीतिदायक होतं. वहिनी तर घरातच नव्हत्या, हात दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या. जाताना डबा भरून ओट्यावर ठेवला होता, न चुकता. दुपारी डावरीने डबा घेतला. आज नाही न्यायचा परत, तिने ठरवलं. मग वाटेत विचार आला, आजच दूध उतरलं तर? कालच्या प्रकारानंतर, आजच? ती मागे गेली, जुनी वाळू काढून टाकली, खोल खणलं, गार मातीत डबा ठेवला. एकच दिवस. आजचा एकच दिवस.

दवाखान्यात काय घडलं ते तिला कसं कळणार? अंथरुणातून कशीबशी उठून लेक पोराला घेऊन तिथेच गेली होती. पोर दोन दिवस मान टाकून पडलं होतं. रांगेत वहिनी भेटल्या. लेकीला बोलायचं नव्हतं, पण पोर बघून वहिनीच म्हणाल्या, "अगं बाई, इतकं कसं वाळलं गं हे?" आणि तिचा बांध फुटला. "वाटा बंद केलात ना तुम्ही, वहिनी. मग आणखी काय होणार?"

"बंद? मी तर रोज भरून देते. आजसुद्धा दिलाय."

संध्याकाळी डावरी गोठ्यात शिरली तेव्हा तिघं उभे होते. मोठ्या आईसुद्धा उभ्या. तिने भिंतीच्या फटीकडे पाऊल टाकलं, आणि वळलेल्या बोटांची ती म्हातारी एवढ्या चपळाईने पुढे आली की भुरीच दचकली. फडकं ओढलं गेलं. डबा निसटला, झाकण उडालं, दूध शेणाच्या सारवणावर पसरत खांबापर्यंत गेलं.

"धरली!" मोठ्या आई ओरडल्या. "चोरून नेत होती!"

"नेत नव्हते," डावरी म्हणाली. "आणत होते."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग दादा हसले. रागाचं हसू नव्हतं ते, खरोखरीचं होतं, रांगेतल्या माणसांसारखं. "आणत होतीस? दूध? आमच्या घरात?"

आणि मग ती बोलली, जे इतके दिवस बोलली नव्हती ते सगळं, एका दमात. भुरी बुजते. तुम्ही उभं राहिलात की पान्हा सोडत नाही. दूध आत असतं, येत नाही. म्हणून माझा डबा मी चरवीत ओतते. काल ते नासलं, चूक झाली. पण थेंब घेतला नाही, दादा. या पोटाची शपथ, थेंब नाही.

"म्हणजे आम्ही बघतो म्हणून दूध कमी!" मोठ्या आई म्हणाल्या. "ऐका! चोर आम्हीच!"

डावरीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती वहिनींकडे बघत होती. वहिनींचा हात आता प्लास्टरमधून निघाला होता, बारीक, पांढुरका, सुरकुतलेला, पोराच्या हातासारखा. त्या तो दुसऱ्या हाताने धरून उभ्या होत्या.

"तुमची लेक भेटली मला," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तिला सांगितलंत, वाटा बंद झाला."

"हो."

"आणि वाटा तर मी रोज देत होते."

"हो, वहिनी."

"तिच्याशी एक बोललात. आता आमच्याशी एक बोलताय." वहिनींचा आवाज फाटला. "मी कुठलं धरू, मावशी? तुम्हीच सांगा, काय धरू?"

वहिनी रडत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उद्यापासून येऊ नका," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. पाठीवर वेणी सुटलेली होती. सकाळी घातलीच नव्हती कुणी.

डावरीने डबा उचलला. झाकण खांबाशी पडलं होतं, ते उचललं नाही. झाकण नेलं असं व्हायला नको.

दुसऱ्या दिवशी ती दारोदार फिरली. पिठाच्या गिरणीवाल्याच्या बायकोला धुण्याला बाई हवी होती, तिने मागे दोनदा विचारलंही होतं. ती दारात आली, हसली, म्हणाली, "आता नको गं, माझी मीच धुते." मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे तिची मुलगी घाईघाईने काढत होती, ओलेच. पलीकडच्या घरात कुणी दारच उघडलं नाही. आत बोलणी चालू होती, ती थांबली तेवढी.

ती परत आली तेव्हा लेक घराबाहेर भिंतीच्या सावलीत बसली होती. दवाखान्यातल्या पुडीतलं औषध पाण्यात कालवून बोटाने पोराच्या ओठांना लावत होती. पोर ते चाटत होतं.

"मिळालं काही?"

"नाही."

लेक हळूच म्हणाली, "आई, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"डबा तुला रोज मिळत होता." तिने ओठांना लागलेलं औषध बोटाने सारखं केलं. "विकत होतीस का गं?"

डावरी उभीच राहिली.

"विकलं असशील तरी मी काही म्हणणार नाही," लेक घाईने म्हणाली. "घरात काय होतं नि काय नव्हतं, मला दिसत नव्हतं का? माझं औषध, धान्य, सगळं तुझ्या एकटीवर. कुणीही विकलं असतं. मला फक्त कळू दे."

डावरीने तोंड उघडलं. खरं सांगायचं तर सोपं होतं, कालच गोठ्यात एका दमात सांगितलं होतं. पण काल समोर पोर नव्हतं. आज होतं. डोळे मोठे, मान काडीसारखी, बोट चोखायची ताकद नाही म्हणून नुसतं चाटणारं. याच्या तोंडचं दूध काढून आपण त्या घराच्या चरवीत ओतलं. रोज. हे भिंतीपलीकडे रडत असताना अलीकडे बसून पोत्यावर पाणी मारलं. आणि कशासाठी? आपल्याला कुणी चोर म्हणू नये म्हणून.

चोरी आई करू शकते हे लेकीला कळत होतं. हे तिला कळलं नसतं. खरं ऐकलं असतं तर ती पुन्हा कधी आई म्हणाली नसती.

"हो," डावरी म्हणाली. "विकलं."

लेकीने मान हलवली. तिचे खांदे सैल पडले, जणू बरेच दिवस कुठलंतरी ओझं धरून ठेवलं होतं. ती थोडी बाजूला सरकली, भिंतीला लागून सावलीत आईपुरती जागा केली आणि पोर तिच्या मांडीवर दिलं.

"बरं झालं," ती म्हणाली, "माझ्याशी तरी खरं बोललीस."